जासईत, दि. बां.च्या सभेला

उरण लोकलच्या खिडकीशी बसा, डोळे मिटा आणि मोबाइल खिशात टाका. आपण जातोय तिथे त्याला रेंज नाही.

उतरा. जपून! इथे फलाट नाही, कापल्या भाताचं शेत आहे. खुंट चपलेतून टोचतायत. जानेवारी १९८४, जासई. मिठागरांवरून खारा वारा येतोय, त्यात खाडीच्या चिखलाचा वास, आणि कुठल्याशा चुलीवर भाजल्या जाणाऱ्या सुकटीचा. नाक मुरडू नका, दहा मिनिटांत भूक लागेल.

गर्दीत शिरा. बाया लुगडी खोचून मांडी घालून बसल्यात, कडेवरची पोरं पेंगतायत. बत्तीभोवती किडे, विड्यांचा धूर. कर्णा एकदा कर्कश किंचाळतो, मग गप्प होतो. दि. बा. पाटील उभे राहिलेत. याच गावचे, वकील, पनवेलमधून पाच वेळा आमदार. मागे शेकापचा लाल बावटा.

अमेरिकेत ह्युई लाँग नावाचा पुढारी 'प्रत्येक माणूस राजा' म्हणत सभा गाजवायचा. इथे राजा व्हायची हौस कुणालाच नाही. सिडकोच्या शहरासाठी ९५ गावांची जमीन जातेय. गेलेल्या जमिनीला नीट भाव हवा, आणि तिच्यावर उभ्या राहणाऱ्या शहरात आपला वाटा. त्या वाट्यासाठीचा 'साडेबारा टक्के' हा शब्द अजून कुणाच्या तोंडी नाही. पुढे तो घरोघरी सातबाऱ्याइतकाच पाठ होणार आहे.

टाळ्यांकडे नको, शेजारच्या म्हाताऱ्याकडे बघा. तो टाळ्या वाजवतच नाही. बोटांच्या पेरांवर गुंठे मोजतोय, चुकतोय, पुन्हा पहिल्या पेरापासून सुरू करतोय. माझ्या मते वक्त्याला याहून मोठी दाद नाही.

सभा संपली की शेतात पोपटी. भांबुर्ड्याचा पाला कोंबलेलं मडकं जाळातून काढून उपडं करतात आणि कडवट, धुरकट वाफ थेट डोळ्यांत जाते. वालाच्या शेंगा इतक्या गरम की या हातातून त्या हातात नाचवाव्या लागतात. मीठ वेगळं मागू नका, हसतील.

"कनच्या गावचा रं तू?" म्हातारा विचारतो. तुम्ही नेरूळ म्हणता. तो खूश होतो, त्याची बहीण तिथे दिलीय. तुमच्या नेरूळमध्ये सोळा मजले आहेत हे त्याला सांगू नका.

"मंग परवा दास्तान फाट्यावं येशील नं?"

परवापासूनच्या दोन दिवसांत गोळीबार होणार आहे, पाच जण जाणार आहेत. तुम्हाला ठाऊक आहे. तोंडात शेंग आहे, जीभ भाजलीय, आणि तो उत्तराची वाट बघत तुमच्या ओंजळीत आणखी वाल ओततोय.