आगगाडीची तिरपी रेघ

1870 सालच्या मार्च महिन्यात मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग जबलपुरास पोहोचला आणि अलाहाबादेकडून 1867 सालीच तेथवर येऊन थांबलेल्या ईस्ट इंडियन रेल्वेच्या मार्गास मिळाला, तेव्हा मुंबई आणि कलकत्ता ही महानगरे जोडली गेली. परंतु त्या संगमावर रुळांबरोबर घड्याळेही समोरासमोर आली होती, याचे स्मरण फारसे कोणी ठेवलेले नाही. मुंबईच्या आणि कलकत्त्याच्या स्थानिक वेळांत एका तासाहून दोन मिनिटे अधिक तफावत होती. तिचा बंदोबस्त म्हणून रेल्वेने दोहोंच्या जवळजवळ मध्यावर पडणारी मद्रासची वेळ मुक्रर केली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय प्रमाणवेळ लागू होईपर्यंत तिचाच अंमल चालला. गाड्यांचा आलेख काढावयाचा तर काळाची रेषा एकच असावी लागते. ती रेषा आधी ठरली, मगच तिच्यावर गाड्या मांडता आल्या.

वेळापत्रक हा प्रवाशाच्या सोयीचा दस्तऐवज आहे. आपली गाडी किती वाजता सुटते, एवढेच ज्यास विचारावयाचे आहे, त्याला आकड्यांचे रकाने पुरतात. गाड्या चालविणाऱ्याचा प्रश्न मात्र निराळा असतो: समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्या कोठे भेटतील? या प्रश्नासाठी एकोणिसाव्या शतकातच फ्रान्समध्ये एक युक्ती रूढ झाली होती. एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिस-लिऑं मार्गाचा जो आलेख 1885 साली छापला, आणि ज्याचे श्रेय त्याने इब्री या अभियंत्यास दिले, तो आजही आलेखशास्त्राच्या ग्रंथांत आदराने दाखविला जातो.

ही युक्ती जवळून पाहावयाची असेल, तर जबलपूर-गोंदिया या जुन्या छोट्या गाडीच्या मार्गाचे उदाहरण घ्यावे. अडीच फूट रुंदीचा तो एकेरी मार्ग सातपुड्याच्या रानातून घंसौर, नैनपूर, बालाघाट अशी ठाणी घेत आपल्या गोंदियास येऊन मिळत असे. कागदाच्या डाव्या कडेला, परस्परांतील अंतराच्या प्रमाणात, वरून खाली स्थानके लिहावीत आणि आडव्या दिशेने दिवसाचे तास आखावेत. आता जबलपुराहून सुटलेली गाडी म्हणजे उजवीकडे उतरत जाणारी रेघ, आणि गोंदियाहून निघालेली गाडी म्हणजे उजवीकडे चढत जाणारी रेघ. रेघ जितकी उभी, तितकी गाडी वेगवान. गाडी फलाटावर उभी असेल, तर रेघ तेवढा वेळ आडवी चालते. दोन रेघा जेथे छेदतात तेथे क्रॉसिंग. आणि मार्ग एकेरी असल्यामुळे तो छेदनबिंदू स्थानकाच्या ओळीवरच पडला पाहिजे. दोन ओळींच्या मध्ये रानात पडला, तर एका गाडीस अलीकडच्या स्थानकात थांबविणे भाग आहे. रकान्यांतून हुडकावा लागणारा हा निर्णय येथे नजरेला आपोआप सापडतो.

अशा आलेखावर कंट्रोल ऑफिसातील सेक्शन कंट्रोलर कानाला फोन लावून, प्रत्येक स्टेशनमास्तराकडून आलेली वर्दी ऐकत, हाताने रेघ पुढे नेत असे. आता ते काम संगणकाच्या पडद्यावर चालते. छोट्या गाडीची शिट्टी जबलपुरास 2015 साली थांबली आणि त्या मार्गावर मोठ्या रुळांची गाडी आली, तरी तिरप्या रेघेचा अर्थ बदललेला नाही.

आज एखादा विद्यार्थी ब्राउझरमध्येच पायथॉन ही संगणकभाषा चालवून हाच आलेख काढू शकतो. जॉन हंटर याने 2003 साली प्रसिद्ध केलेले मॅटप्लॉटलिब हे आलेख काढण्याचे साधन तेथेही चालते. परंतु आकृती पडद्यावर उमटविण्याचे मार्ग तेथे एकाहून अधिक आहेत, आणि निवड त्यालाच करावी लागते. कॅनव्हास या ब्राउझरच्या रंगविण्याच्या पृष्ठभागावर रेघ ओढली की केवळ रंगीत ठिपके उरतात. ती रेघ कोणत्या गाडीची, हे पृष्ठभागाला ठाऊक राहत नाही, म्हणून लक्षावधी बिंदू झपाट्याने रंगवावयाचे असतील तेव्हा तोच मार्ग रास्त. एसव्हीजी या दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक रेघ स्वतंत्र वस्तू म्हणून टिकते, तिच्यावर बोट ठेवून तिला प्रश्न विचारता येतो. मात्र रेघा अफाट झाल्या की हाच टिकाऊपणा ब्राउझरला भार होतो. दिवसाच्या काही डझन गाड्यांसाठी मी निःसंकोच एसव्हीजीचीच शिफारस करीन, कारण कंट्रोलरला रेघेच्या दर्शनाहून तिची ओळख अधिक मोलाची होती.

साधनांची यादी समोर उघडून तीतून देखणे ते निवडण्याची घाई करणाऱ्या प्रत्येक तरुणाला माझे कळकळीचे सांगणे आहे, की प्रथम छोट्या गाडीचे एखादे जुने वेळापत्रक मिळवावे, आणि कोरा कागद व पट्टी घेऊन समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांच्या रेघा स्वतः ओढून पाहाव्यात. त्या नेमक्या घंसौरच्या ओळीवर छेदल्या, की कोणत्या आलेखाची गरज आहे, ते त्याचे त्यालाच उमगेल.