इंजिन टिकले, रूळ थकले : विदर्भातील अरुंद रेल्वेची गोष्ट

१/ वर्धा जिल्ह्यातील पुलगाव हे मुंबई–नागपूर या मोठ्या रेल्वेमार्गावरील स्थानक. येथून आर्वीपर्यंत सुमारे ३५ किलोमीटरचा एक छोटा मार्ग जात असे. दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. १९१७ साली बांधलेल्या या मार्गाने आर्वी भागातील कापूस मोठ्या गाडीपर्यंत येई.

२/ मार्गाची मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे या खासगी कंपनीकडे होती; कारभार किलिक निक्सन पाहत असे. याच कंपनीचा दुसरा, अधिक लांबीचा मार्ग म्हणजे अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळ. वऱ्हाडची लाडकी ‘शकुंतला’. जुने इंजिन जपणे म्हणजे काय, हे तिच्या इतिहासातून उत्तम कळते.

३/ मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेले ‘झेडडी’ वर्गाचे वाफेचे इंजिन १९२३ मध्ये शकुंतलेच्या सेवेत आले आणि १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावले. चित्तरंजनच्या कारखान्याने वाफेची इंजिने बांधणे १९७२ मध्येच थांबवले होते. त्यानंतरही २२ वर्षे हे इंजिन चालू राहिले.

४/ ते आपोआप चालले नाही. पाण्यातील क्षारांचा थर बॉयलरच्या नळ्यांवर बसतो. मग उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही, कोळसा जास्त जळतो, धातू तापून कमजोर होतो. म्हणून ठरावीक काळाने इंजिन थंड करून बॉयलर आतून धुवावा लागे. राख काढणे, गळक्या नळ्या दुरुस्त करणे, प्रत्येक फेरीपूर्वी सांध्यांना तेल देणे, ही कामे तर नित्याचीच.

५/ येथे चूक जिवावर बेतणारी असे. बॉयलरमधील पाणी धोक्याच्या पातळीखाली गेले, तर फायरबॉक्सच्या छतातील प्लगचे शिसे वितळे आणि वाफ आगीवर सुटे. तो शेवटचा इशारा. तशी वेळ येऊ न देणे हे ड्रायव्हर आणि फायरमनचे कसब.

६/ रुळांचे नशीब वेगळे होते. १९५१ मध्ये मध्य रेल्वे स्थापन झाली आणि पुढे या गाड्या तीच चालवू लागली. पण मार्गाची मालकी कंपनीकडेच राहिली. करारानुसार उत्पन्नातील वाटाही कंपनीला मिळे. दुसऱ्याच्या मालकीच्या मार्गावर मोठा खर्च करायचा कोणी, हा प्रश्न अनेक दशके सुटला नाही.

७/ १९९४ मध्ये डिझेल इंजिन आले, तरी गाडीची गती मंदच राहिली. कारण रूळ जुनेच होते. इंजिनाची जबाबदारी रोज कुणाच्या तरी हातात होती. रुळांना मालक एक आणि वापरणारा दुसरा होता. दुरुस्ती मात्र मागेच पडत गेली.

८/ पुलगाव–आर्वी गाडीही आता धावत नाही. कराराचे कागद दप्तरांत सापडतील. पण बॉयलरचा नुसता आवाज ऐकून दोष ओळखणाऱ्या फिटरचे ज्ञान कागदावर क्वचितच उतरले. पुलगाव, आर्वी, मूर्तिजापूर येथील एखाद्या घरात रेल्वेतून निवृत्त झालेले आजोबा असतील, तर त्यांच्या आठवणी आजच लिहून ठेवा.