खांबावरची नावे आणि तोफेमागची माणसे

आज आपण एका दगडावर बोलणार आहोत. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर, भीमेच्या काठी, पेरणे फाट्याजवळ उभा असलेला कोरेगावचा जयस्तंभ. आपल्या भंडाऱ्यातूनही दर एक जानेवारीला माणसे तिकडे जातात. या खांबावर बहुतेक वेळा पायदळाच्या बाजूने बोलले जाते. आपण थोडे तोफेच्या बाजूने पाहू.

आधी प्रसंग. 31 डिसेंबर 1817च्या रात्री कॅप्टन स्टाँटन शिरूरहून पुण्याकडे निघाला. सोबत मुंबई पायदळाची सुमारे पाचशे माणसे, तीनशेच्या आसपास घोडेस्वार, आणि मद्रास तोफखान्याच्या दोन सहा पौंडी तोफा. तोफांवर दोन डझनभर गोलंदाज, बहुतेक युरोपियन. त्यांचा अधिकारी लेफ्टनंट चिझम. सकाळी कोरेगावाशी येऊन पाहतात तो समोर दुसऱ्या बाजीराव पेशव्यांची फौज! एकूण फौज वीस हजारांच्या वर. प्रत्यक्ष गावावर चालून आले ते दोनेक हजार, आणि त्यांत अरब शिपाई आघाडीवर.

आता सहा पौंडी तोफ म्हणजे काय? जिचा गोळा सहा पौंडांचा, म्हणजे पावणेतीन किलोंच्या आसपास, ती. मैदानात ती हलकीच समजली जायची. पण गल्लीच्या तोंडाशी लावून छर्ऱ्यांचा मारा केला, की गर्दी करून येणाऱ्यांना ती भारी पडते. मात्र ती एकट्याने चालत नाही, बरं का. एकाने नळी पुसायची, एकाने दारू भरायची, एकाने ठासायची, एकाने नेम धरायचा, एकाने बत्ती द्यायची. हे हात कमी झाले की तोफ मंदावते. सगळेच पडले की ती नुसते लोखंड होते, आणि शत्रूने ओढून नेली तर आपल्यावरच फिरते.

कोरेगावात नेमके तेच होऊ घातले होते. चिझम पडला, एक तोफ अरबांच्या हाती गेली. तेव्हा आधीच जखमी असलेल्या लेफ्टनंट पॅटिसनने शिपाई गोळा करून ती परत घेतली. पुढे तोही जखमांनी गेला. दिवसभर अन्न नाही, पाणी नाही, आणि नदी तर समोर दिसते! रात्री पेशव्यांची फौज निघून गेली, कारण जनरल स्मिथची कुमक जवळ आल्याची खबर होती. तोफखान्याचा हिशेब मांडला तर बारा ठार, आठ जखमी. म्हणजे दोन डझनांतले धड राहिले ते मोजकेच.

1821 साली खांबाचा पाया घातला गेला. सरकारने लढलेल्या पलटणींची आणि पडलेल्यांची नावे कोरली. तोफखानाही त्यात आला. पण लोकांच्या मनात राहिली ती ‘नाक’ या शेवटाची नावे. मेलेल्यांच्या यादीत अशी बावीस मोजली जातात, आणि तो शेवट महार समाजाचा.

इथे एक प्रश्न उभा राहतो. ही लढाई म्हणजे यादवी होती काय? दोन्ही बाजूंना इथलीच माणसे होती, आणि दोन्ही बाजूंना परकेही होते. इकडे इंग्रज, तिकडे अरब. ‘आपले विरुद्ध परके’ ही फूटपट्टी इथे मोडते. ज्याला गावात पाणवठ्यावर उभे राहू देत नव्हते, त्याला ‘तू आपल्यांविरुद्ध का लढलास’ असे विचारण्याआधी ‘आपले’ या शब्दाचा अर्थ आपल्याला सांगता आला पाहिजे. आमच्या मते या दगडाचे खरे तत्त्वज्ञान इथे आहे.

आणि खांब उभारणाऱ्यांचे तरी काय? त्यांनी तो स्वतःच्या गौरवासाठी उभारला. त्याच सरकारने 1890च्या दशकात महारांची लष्करभरती बंद केली. मग शिवराम जानबा कांबळे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी तीच जुनी सेवा सरकारसमोर ठेवून भरतीची मागणी लावून धरली. 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकर या खांबापाशी गेले. 1941 साली महार रेजिमेंट उभी राहिली. म्हणजे पाहा, साम्राज्याने कोरलेली पाटी लोकांनी साम्राज्यापुढेच पुरावा म्हणून ठेवली. दगड तोच राहिला, वाचणारा बदलला. 1954 साली याच बाबासाहेबांना आपल्या भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत आपण पराभूत केले, हेही इथे बसलेल्यांनी विसरू नये.

आता खांबावर जे नाही त्याकडे वळू. पेशव्यांच्या बाजूने पडलेल्यांची नावे तिथे नाहीत. तोफेमागे दारूगोळा वाहणाऱ्यांना, जनावरे हाकणाऱ्यांना तर कोणत्याच दगडाने विचारले नाही. ही गोष्ट भंडाऱ्यात बोलताना जास्त टोचते. आपल्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोटके तयार होतात, ती देशभर जातात. 24 जानेवारी 2025 रोजी तिथे स्फोट झाला आणि आठ कामगार गेले. तोफ डागणाऱ्याला आपण वीर म्हणतो. तिची दारू तयार करताना मरणाऱ्याला अपघातग्रस्त म्हणतो. दोघांचे हात एकाच कामात गुंतलेले. मग शब्द दोन का?

स्मारकाशी भांडू नये, आणि त्याच्यापुढे डोळे मिटूनही उभे राहू नये. 2018च्या एक जानेवारीला कोरेगाव परिसरात जे घडले, ते दगड वाचण्याआधी एकमेकांवर दगड उचलल्यामुळे. आमचे एवढेच सांगणे आहे: तिथे जाल तेव्हा नावे एकेक करून, सावकाश वाचा. पायदळाची वाचा, तोफखान्याची वाचा. आणि यादी संपली की क्षणभर थांबून विचारा, हिच्या खाली अजून कोणाची नावे यायला हवी होती? इतिहासाचा अभ्यास त्या प्रश्नापासून सुरू होतो.