आमच्या गटाची चिकटवही

दिग्रसहून आम्ही बोलतोय. आज कर्ज-व्याजाचा विषय बाजूला ठेवू. आज बोलायचंय चिकटवहीबद्दल. शाळेत पोरं पानं, फुलं, थोर पुरुषांची चित्रं कापून चिकटवतात ना, तीच वही. आता तुम्ही म्हणाल, हे पोराबाळांचं काम, गटाच्या बायांना त्याचं काय? तर आधी काय घडलं ते ऐका.

आमच्या गटातल्या सगळ्यात मोठ्या मावशी मागच्या पावसाळ्यात गेल्या. महिन्याभरानं त्यांची नात आमच्याकडे आली. म्हणाली, "ताई, आजीचा एखादा फोटो आहे का हो तुमच्याजवळ? घरी एकही नाही." आम्हाला आठवलं, गटाच्या जुन्या रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर एक फोटो लावलेला होता. रजिस्टर काढलं. फोटो होता, पण चारी बाजूंनी आणि मधून आडवा सेलोटेप मारलेला. टेप पिवळा पडून कडक झाला होता. आम्ही हळूच ओढायला गेलो, तर मावशींच्या अर्ध्या चेहऱ्याचा रंग टेपसोबत निघून आला. नात काही बोलली नाही. आम्हीच खाली मान घालून बसलो. तो टेप आमच्याच हातानं लावलेला होता.

त्या दिवशी ठरवलं, गटाची एक नीट चिकटवही करायची. ती करता करता कागदाचा आणि या चिकटपट्टीचा इतिहास आम्ही शोधत गेलो. तो ऐकण्यासारखा आहे.

कागदापासून सुरुवात करू. आपल्या महाराष्ट्रात हातानं कागद बनवण्याचा धंदा फार जुना. दौलताबाद आणि खुलदाबादच्या मधे कागजीपुरा नावाचं गाव आहे. महंमद तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हापासून कागद करणारी घराणी तिथं वसली असं सांगतात. जुन्नरचा कागद पेशवाईच्या दफ्तरात वापरला जायचा. पुण्याच्या कसबा पेठेत आजही कागदीपुरा हे नाव टिकून आहे. चिंध्या आणि जुने दोर कुजवून, कुटून लगदा करायचा, चौकटीवर त्याचा पातळ थर घ्यायचा, वाळवायचा, वर खळ द्यायची आणि मग गुळगुळीत दगडानं घोटायचा. घोटला की कागद चकाकतो आणि शाई फुटत नाही. मुलांसाठी रंगीत चकचकीत कागद आणताना दुकानात आपण "घोटीव कागद द्या" म्हणतो, तो शब्द या घोटण्यातून आला.

गिरणीचा स्वस्त कागद आल्यावर हा धंदा बसला. १९३४ मध्ये गांधीजींनी वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा केला. मगनवाडीत तेलघाणी, गूळ यांच्यासोबत हातकागदाचंही काम सुरू झालं. पुढं १९४० मध्ये के. बी. जोशी यांनी पुण्यात हातकागद संस्था काढली. तिथं सुती कापडाच्या चिंध्यांपासून कागद होतो. बायांनो, आपण कापूस वेचणाऱ्या. आपल्या वेचणीतलं बोंड सूत होतं, सुताचं कापड होतं, कापड फाटलं की चिंधी होते आणि चिंधीचा कागद होतो. वही हातात घेताना ही गोष्ट आम्हाला फार जवळची वाटली.

आता सजावटीचं बघू. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला. पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथं छापलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघरी पोचल्या. मग लोकांनी काय केलं? त्या छापील चित्रातल्या देवीच्या लुगड्यावर खऱ्या कापडाचे तुकडे चिकटवले, जर लावली, टिकल्या-मणी लावले आणि मग तसबीर काचेत घातली. अशा सजवलेल्या तसबिरी आज संग्रहालयांत जपून ठेवतात. आम्हाला तर ही आपली चिकटवहीच वाटते. छापखान्यातून सगळ्यांकडे सारखीच लक्ष्मी यायची, पण सजवल्यावर ती त्या घरची होऊन जायची.

चिकटपट्टी मात्र परदेशातून आली. अमेरिकेत मोटारी दोन रंगांत रंगवायची पद्धत होती. एक रंग देताना दुसरा भाग झाकायला कागद चिकटवत, पण तो काढताना खालचा रंगही निघून यायचा. थ्री एम कंपनीतल्या रिचर्ड ड्रू यांनी ही अडचण पाहिली आणि १९२५ मध्ये सहज निघणारी कागदी पट्टी बनवली. हाच मास्किंग टेप. आपल्याकडं रंगारी खिडकीच्या काचेला लावतात तो. पारदर्शक सेलोटेप त्यांनीच १९३० मध्ये आणला. म्हणजे आमच्या मावशींच्या फोटोला जे झालं, तेच टाळण्यासाठी कागदी पट्टी जन्माला आली होती, आणि आम्ही नेमकी दुसरी पट्टी वापरली!

पुढची गोष्ट जपानची. तिथं कुराशिकी शहरात कामोई नावाचा कारखाना आहे. १९२३ मध्ये तो सुरू झाला तो माशा पकडायचा चिकट कागद करण्यासाठी. नंतर तिथं रंगकामाचा मास्किंग टेप होऊ लागला. २००६ मध्ये तीन बायांनी त्या कारखान्याला विचारलं, आम्हाला कारखाना बघायचाय. त्या हा टेप भेटवस्तूंना, वह्यांना, चित्रांना लावत होत्या. त्यावर त्यांनी स्वतः एक छोटं पुस्तक काढलं होतं. कारखान्यातल्या माणसांना नवल वाटलं, कारण त्यांच्या लेखी ते रंगाऱ्याचं सामान होतं. पण त्यांनी ऐकून घेतलं, बायांना हवे तसे रंग केले आणि दोनेक वर्षांत 'एमटी' नावानं सजावटीच्या कागदी पट्ट्या बाजारात आल्या. वाशी म्हणजे जपानी कागद, म्हणून तिला वाशी टेप म्हणतात. आपल्या नव्या मुंबईच्या वाशीशी त्याचा संबंध नाही! आज जगभर चिकटवह्यांत ती दिसते. तीन बायांनी विचारायचं धाडस केलं म्हणून हे झालं, एवढं लक्षात ठेवा.

आता आमची वही. पहिल्याच बैठकीत एक बाई म्हणाल्या, "एका रोळाला तीस-चाळीस रुपये. त्यात पावभर तेल येते. फोटो चिकटवून पोट भरते का?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून ठरलं, दोनच रोळ घ्यायचे आणि बाकी पट्ट्या घरीच करायच्या. घोटीव कागद, लग्नपत्रिकांच्या कडा आणि जुन्या लुगड्यांचे काठ बोटभर रुंद कापले आणि मैद्याच्या खळीनं लावले. जुने बाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, कीड लागत नाही. पण मोरचूद विषारी आहे, पोरांच्या हाती देऊ नका.

फोटोवर मात्र कुठलीच चिकट पट्टी लावली नाही. कागदाच्या पट्टीला दुमडून छोटे त्रिकोणी खिसे केले, ते चार कोपऱ्यांवर बसवले आणि फोटो आत सरकवला. कधी काढावा वाटला तर जसाच्या तसा निघतो. रंगीत पट्टी फोटोभोवती चौकट म्हणून लावली. प्रत्येक वर्षाला एक रंग ठेवला. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही रंग पाहून वर्ष कळतं. फोटोखाली कोण, कुठं, कधी ते पेन्सिलीनं लिहिलं. जुन्या रजिस्टरची पानं फाडली नाहीत, त्यांची झेरॉक्स लावली.

या झेरॉक्स काढतानाच एक गोष्ट सापडली. पहिल्या वर्षाच्या ठरावांवर मावशींचा अंगठा होता. तिसऱ्या वर्षी एका ठरावाखाली त्यांची सही होती. वाकडी, ओळ सोडून खाली गेलेली, पण पुरं नाव. त्या दिवशीच्या ठरावात याबद्दल एक अक्षर नाही. ठराव शेळ्यांच्या कर्जाचा होता.

आम्ही ती दोन्ही पानं समोरासमोर लावली. डावीकडं अंगठा, उजवीकडं सही. भोवती त्यांच्याच लुगड्याचा हिरवा काठ, नातीनं आणून दिलेला. अर्धा गेलेला फोटोही तसाच लावला, झाकला नाही. नात आली, पान पाहिलं, सहीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आजी सही करत होती, हे मला माहीतच नव्हतं." तेलाचा हिशेब मांडणाऱ्या बाईंनी पदराला डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचा लग्नातला फोटो घेऊन आल्या.

१९९२ मध्ये नाबार्डनं बचत गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली. तेव्हापासून गटांचे आकडे कागदावर आहेत, पण त्या आकड्यांमागच्या बायांचे चेहरे आपणच जपले तर जपले जातील. तर मैत्रिणींनो, रद्दीवाला दारात येण्याआधी तुमच्या गटाचं पहिलं रजिस्टर शोधून ठेवा. त्यातला पहिला अंगठा कुणाचा आहे, ते येत्या बैठकीत सगळ्यांना दाखवा. ती बाई हयात असेल, तर तिलाच पहिलं पान लावू द्या.