तीनशे किलोमीटरनंतरचा वेग

माझं गाव कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर. कृष्ण तिला इथून रथात घेऊन निघाला, तेव्हा जरासंधाच्या सैन्याला बलराम आणि यादवांनी अडवून धरलं. एकटा रुक्मी पुढे निसटला, कृष्णाला गाठलं आणि हरला. सायकल शर्यती बघणाऱ्याला हे डावपेच ओळखीचे वाटतील. सोबती मागचा घोळका रोखतात आणि एकट्याने पाठलाग करणाऱ्याच्या पायांत शेवटी काही उरत नाही.

वऱ्हाडात आम्ही वेग ओळखतो तो शंकरपटावरून. जोडी ताजी, धाव सरळ, निकाल काही सेकंदांत. युरोपातल्या एकदिवसीय 'क्लासिक' शर्यतींचा स्प्रिंट याच्या अगदी उलट. दिवसभर औत ओढलेली जोडी संध्याकाळी पटावर सोडावी, तसा. मिलान-सान रेमो १९०७ पासून होते, अंतर जवळपास ३०० किलोमीटर. मग 'सर्वांत वेगवान कोण' याला अर्थ काय? मी दिवसभर सर्व्हरचे आलेख बघतो. रिकामा सर्व्हर किती पळतो हे कोणी विचारत नाही, लोड आल्यावर किती पळतो ते विचारतात.

या मोजपट्टीवर माझं मत जर्मनीच्या एरिक झाबेलला. १९९७, १९९८, २००० आणि २००१ अशी चार वेळा त्याने ही शर्यत मारली. मधल्या १९९९ सालीही तो दुसरा होता. आंद्रेई च्मिल शेवटच्या टप्प्यात पुढे सुटला म्हणून, नाहीतर सलग पाच. आणि तरीही लोकांना आठवतं ते २००४. रेषेच्या जरासं आधी झाबेलने विजयाचे हात वर केले, शेजारच्या ऑस्कर फ्रेयरेने तेवढ्यात सायकल पुढे ढकलली आणि शर्यत नेली. हात हँडलवर असते, तर?

आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिल्यांदा चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. पण खंडाळ्यापासून पुणे साठ किलोमीटरहून लांब. मागच्यांना राजाला गाठायला भरपूर रस्ता मिळतो. सान रेमोत शेवटचा चढ पोज्जो, आणि त्याच्या माथ्यापासून रेषा जेमतेम साडेपाच किलोमीटर. चढावर मागे पडलेल्या स्प्रिंटरला परतायला वेळच नाही. १९९२ साली मोरेनो अर्जेंतीन माथ्यावरून एकटा पुढे होता. शॉन केलीने उतारावर जीव धोक्यात घालून त्याला गाठलं आणि स्प्रिंटमध्ये हरवलं. त्या उताराची क्लिप बघाच.

कागदावरचा वेग कसा फसवतो ते फ्लँडर्सच्या शर्यतीत दिसतं. २०२० साली मॅथ्यू व्हॅन डर पूलने वाउट व्हॅन आर्टला दोघांच्याच स्प्रिंटमध्ये अगदी थोडक्यात हरवलं. पुढच्या वर्षी तीच शर्यत, तेच अखेरचं गाव, पुन्हा दोघेच. समोर कॅस्पर आस्ग्रीन, ज्याला कोणी स्प्रिंटर म्हणत नव्हतं. २५० किलोमीटर झाले होते. व्हॅन डर पूलने आधी जोर लावला, आणि रेषेच्या काही मीटर अलीकडे तो सीटवर बसून गेला.