सदतीस मिनिटांचे छायाचित्र

शाळेसाठी दुर्बीण घ्यायची ठरली की पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : "किती पट मोठे दिसते?" खोक्यावरही मोठ्या अक्षरांत ४०० पट, ६०० पट असे छापलेले असते. दुर्बीण कशावर उभी राहणार, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. आकाशाची छायाचित्रे घेण्याच्या इतिहासात डोकावले तर हा न विचारलेला प्रश्नच पहिला होता असे दिसते. म्हणून आज आपण इंग्लंडमधल्या एका हौशी माणसाची गोष्ट पाहू.

अँड्र्यू एन्सली कॉमन (१८४१–१९०३) हे पेशाने अभियंते. पाण्याचे नळ आणि सांडपाणी हे त्यांचे क्षेत्र. दिवसा लंडनमधला धंदा सांभाळायचा आणि रात्री इलिंगमधल्या आपल्या घराच्या बागेत दुर्बिणी लावायच्या, असा त्यांचा क्रम होता. विद्यापीठ किंवा सरकारी वेधशाळा यांच्याशी नोकरीचा संबंध नाही.

त्यांच्या कामाचे महत्त्व कळायला थोडे मागे जावे लागेल. १८५० साली अमेरिकेत हार्वर्ड वेधशाळेत व्हिपल आणि बाँड यांनी १५ इंची दुर्बिणीतून अभिजित ताऱ्याचे छायाचित्र घेतले. सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याचे हे पहिलेच छायाचित्र. त्यासाठी सुमारे शंभर सेकंद लागले, तेही आकाशातल्या अगदी ठळक ताऱ्यासाठी. नंतर ओल्या काचांची पद्धत आली, पण रसायनाचा थर वाळायच्या आत सगळे उरकावे लागे. म्हणजे हाताशी जेमतेम दहा-पंधरा मिनिटे. अंधूक तेजोमेघाला तेवढा वेळ पुरेना. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या डॉक्टरांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि त्या दशकाच्या अखेरीस अशा काचा बाजारात मिळू लागल्या. आता काच तासभर उघडी ठेवता येणार होती.

पण तासभर आकाश कुठे थांबते? पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारे तासाला १५ अंश सरकतात. चंद्राचे बिंब अर्ध्या अंशाचे, म्हणजे दोन मिनिटांत ते स्वतःच्या रुंदीइतके पुढे जाते. काचेची अडचण सुटली तशी बैठकीची अडचण उभी राहिली. अवजड दुर्बीण ताऱ्यामागोमाग फिरवायची, आणि तीही धक्का न लागता.

३० सप्टेंबर १८८० रोजी अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले. दुर्बीण ११ इंची, वेळ ५१ मिनिटे. मार्च १८८२ मध्ये त्यांनी हा वेळ १३७ मिनिटांपर्यंत नेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते वारले. तिकडे कॉमन यांनी जॉर्ज कॅल्व्हर यांच्याकडून ३६ इंच व्यासाचा आरसा करून घेतला होता. बैठक मात्र त्यांनी स्वतः आखली.

त्यांच्यापुढची अडचण किती मोठी होती ते आकडेमोडीने पाहू. (नववी-दहावीच्या मुलांना हे गणित जरूर द्यावे.) आरशाचे नाभीय अंतर साडेसतरा फूट, म्हणजे सुमारे ५.३ मीटर. एका सेकंदात तारा १५ विकला सरकतो, तेव्हा काचेवर त्याची प्रतिमा जवळजवळ ०.४ मिलिमीटर सरकते. दुर्बीण स्थिर ठेवली तर ३७ मिनिटांत ती सुमारे ८६ सेंटिमीटर गेली असती! आणि हवा होता तो सुईच्या टोकासारखा ठिपका.

दुर्बीण पृथ्वीच्या अक्षाला समांतर अशा एकाच अक्षाभोवती फिरवली तर ताऱ्याचा पाठलाग करता येतो. हा ध्रुवीय अक्ष. त्याच्यावर सगळे वजन येते, घर्षण वाढते आणि मग यंत्रणा अडखळत, हिसके देत चालते. कॉमन यांनी हा अक्ष पोकळ ठेवून पाऱ्यावर तरंगवला. वजनाचा मोठा भाग पाऱ्याने उचलला आणि घड्याळी यंत्रणेला दुर्बीण हळुवार ढकलता येऊ लागली. आम्हाला तर त्यात नळ-पाण्याच्या अभियंत्याचाच हात दिसतो.

३० जानेवारी १८८३ रोजी त्यांनी मृगातल्या तेजोमेघावर दुर्बीण रोखली आणि काच ३७ मिनिटे उघडी ठेवली. त्या छायाचित्रात असे तारे उमटले, जे त्याच दुर्बिणीतून डोळ्यांना कधी दिसले नव्हते. काच प्रकाश साठवते, डोळा साठवत नाही, हे तेव्हा सगळ्यांना स्पष्ट झाले. १८८४ मध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले.

ही दुर्बीण पुढे १८८५ मध्ये एडवर्ड क्रॉसली यांनी विकत घेतली आणि १८९५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेला देऊन टाकली. तिथे आणखी एक पंचाईत. ध्रुवीय अक्षाचा तिरपेपणा त्या जागेच्या अक्षांशाइतका लागतो. इलिंगचा अक्षांश साडेएक्कावन्न, लिकचा सुमारे ३७! बैठकीची बरीच डागडुजी करून जेम्स कीलर यांनी १८९८ नंतर तिच्यातून सर्पिल तेजोमेघांची अप्रतिम छायाचित्रे घेतली. कॉमन यांनी शोधलेली सरकती काचपेटी त्यांनी वापरली. कडेच्या एका ताऱ्यावर नजर ठेवायची आणि यंत्रणा चुकली की स्क्रू फिरवून काचच सरकवायची, अशी ती युक्ती.

याच काळात पुण्यातही मोठी दुर्बीण आली होती. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून कॉलेज ऑफ सायन्समध्ये १८८८ साली वेधशाळा उभी राहिली. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तिथल्या ग्रब कंपनीच्या २० इंची दुर्बिणीवर काम केले. १९१२ मध्ये ती वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

आता आपल्या खरेदीकडे वळू. ६० मिलिमीटर व्यासाच्या भिंगातून १२० पटीच्या पुढे काही जास्त कळत नाही, फक्त चित्र पुसट होते आणि डुगडुगणे वाढते. दुकानात नळीला हलकी टिचकी मारून पाहावी. प्रतिमा दोन-तीन सेकंदांत स्थिर झाली नाही तर ती बैठक कॅमेऱ्याच्या उपयोगाची नाही. पैसे मोजकेच असतील तर आमच्या मते भिंग लहान घ्यावे, बैठक मजबूत घ्यावी.

नुसत्या कॅमेऱ्याला तर बैठक घरीच करता येते. १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या जी. वाय. हेग यांनी ती सुचवली. दोन फळ्या बिजागरीने जोडायच्या. बिजागरीपासून २२८.५ मिलिमीटरवर, एका फेऱ्यात १ मिलिमीटर सरकणारा स्क्रू बसवायचा आणि तो मिनिटाला एक फेरा या गतीने फिरवायचा. वरची फळी आकाशाच्या गतीने उघडत जाते. साध्या ट्रायपॉडवर ५० मिलिमीटरच्या लेन्सने दहा सेकंदांतच तारे लांबट होऊ लागतात. या फळ्यांवर पाच-दहा मिनिटे सहज मिळतात. आज डिजिटल कॅमेऱ्याने अनेक छोटी छायाचित्रे घेऊन ती संगणकावर एकत्र करता येतात, तरी त्यातले प्रत्येक छायाचित्र न हललेले हवेच.

बिजागरीची रेषा ध्रुवताऱ्याकडे रोखायची. पुण्यात तो क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर असतो, नागपुरात एकवीस. तेव्हा गच्ची निवडताना मृग ज्या बाजूला दिसतो ती बाजू तर पाहावीच, पण उत्तरेला झाड किंवा इमारत आड येत नाही ना, हे आधी बघून घ्यावे.