९ सप्टेंबर : एकच पान, ८४० वेळा

न्यूयॉर्क, १९६३. ईस्ट व्हिलेजमधल्या पॉकेट थिएटरात संध्याकाळी ६ वाजता फ्रेंच संगीतकार एरिक सातीची ‘व्हेक्सेशन्स’ ही पियानोरचना सुरू झाली. अमेरिकन संगीतकार जॉन केजने जमवलेल्या पियानोवादकांनी ती पानभराची रचना आळीपाळीने ८४० वेळा वाजवली. मैफल संपली दुसऱ्या दिवशी दुपारी १२.४० ला. तिकीट ५ डॉलर. ऐकत बसलात तर दर २० मिनिटांमागे ५ सेंट परत! ‘न्यूयॉर्क टाइम्स’नेही समीक्षक पाळीपाळीने धाडले.

विक्षिप्तपणा म्हणून ही मैफल विसरली गेली असती, तर नवल नव्हते. पण ‘कंटाळा’ हाही ऐकण्याचाच भाग, हे त्या रात्रीने पटवले. त्या वादकांपैकी जॉन केल पुढे ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ या रॉक बँडमध्ये गेला. २०२० च्या टाळेबंदीत पियानोवादक इगोर लेव्हिटने बर्लिनमधून हीच रचना एकट्याने, तासन्‌तास, ऑनलाइन वाजवली.